कापडाचं विमान

गोले का मंदिर ओलांडेपर्यंत नुसती भुरभुर होती.
भिंड रोडला लागलो आणि मावठा
पाटावर मांडी घालून बसल्यासारखा
पडायला लागला.
ईकोत आम्ही सात, एका वायपरवर.
दुसरा दिवाळीपासून रजेवर आहे.
"परत फिरू या का?" मी विचारलं.
मागून कुमुदआत्या: "तिकिटाचे पैसे परत देणारेत?"
विषय संपला.

मैदानावर जुनी विमानं होती,
म्हणजे ताडपत्र्या होत्या,
आणि ताडपत्र्यांखालून डोकावणारी चाकं.
लाऊडस्पीकर दर दहा मिनिटांनी सांगायचा,
उड्डाणाबद्दल थोड्या वेळात कळवलं जाईल.
मग खरखरायचा
आणि पुन्हा तेच सांगायचा.

निहारनं स्केचपेननं यादी करून आणली होती:
डाकोटा, हार्वर्ड, टायगर मॉथ, नॅट.
प्रत्येकापुढे एक चौकोन, खूण करायला.
पहिल्या सरीत नॅटवरची चंद्रकोर वाहून गेली,
खाली उरला नुसता नट.
तो रडला नाही.
वही स्वेटरच्या आत घालून
एकेका ताडपत्रीकडे बघत राहिला.

हेरंबभाऊजींचाच हा सगळा बेत.
गजकाचा डबा छातीशी धरून ते एकाला विचारत होते,
"मिराज नाही का ठेवलं?"
"ते जुनं नाही हो."
"आमच्या काचा तर कधीपासून हलतायत,"
ताई म्हणाली, ओढणी पिळत.

डाकोटाच्या पंखाखाली आम्ही उभे राहिलो.
अजून तीन कुटुंबं होती तिथे,
एक थर्मास, दोन बाळं,
आणि मुरैन्याचे कुणी आजोबा,
ज्यांना वाटत होतं की आत जागा मिळते.
गजक वाटली. ओली झाली होती, तरी संपली.
मोजलं तेव्हा आम्ही सहाच.

आत्या पलीकडे, एकटी, भिजत,
टायगर मॉथपाशी.
वाऱ्यानं तिथली ताडपत्री अर्धी उडाली होती
आणि खाकी रेनकोटातला एक माणूस
दोरी दातात धरून ती ओढत होता.
आत्यानं पंखाला हात लावला.
"अम्मा, हाथ मत लगाइए."
तिनं टिचकी मारली.
आवाज डग्ग्याचा आला.

"हे कापड आहे," आत्या म्हणाली.
कुणाला म्हणाली, कळलं नाही.
गिरणीत बावीस वर्षं तिनं उजेडाच्या टेबलावर
ठाण सरकवत दोष शोधले:
तुटलेला ताणा, सुटलेला बाणा, तेलाचा डाग.
गिरणी बंद पडली, थकलेले पैसे अर्धेच मिळाले,
बोटं मात्र तिच्याजवळच राहिली.
ती बोटं रंगावरून सरकत गेली
आणि एका जागी थांबली.
"इथं ठिगळ आहे."

रेनकोटातल्या माणसानं दोरी सोडली.
छातीवर नाव होतं, राजावत.
"हो," तो म्हणाला. "मागच्या साली. शिडी लागली होती."
"टाका मोठा पडलाय."
तो हसला. मग हसायचा थांबला.
"मीच घातलाय."
दोघंही त्या जागेकडे बघत राहिले,
पाऊस दोघांच्याही कानामागून आत उतरत होता.
मग आत्यानं ताडपत्रीचं एक टोक धरलं,
त्यानं दुसरं,
आणि चादरीची घडी घालतात तसं
दोघांनी मिळून ते विमान झाकलं.

उड्डाणं रद्द झाल्याचं पावणेदोनला कळवण्यात आलं.
तिकिटाचे पैसे अर्थातच मिळाले नाहीत.
परतताना गाडीत ओल्या लोकरीचा वास,
निहार झोपलेला, आत्या गप्प.
अंगठा आणि तर्जनी मात्र एकमेकांवर घासत होती,
जणू अजून काहीतरी
त्यांच्यामध्ये धरलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन.
अकराला डोक्यावरून मिराज गेलं,
कपाटातल्या वाट्या वाजल्या,
निहार गच्चीवर धावला.
आत्या पायरीवर सुईत दोरा ओवत होती.
तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.
"त्यात काय बघायचं," म्हणाली,
"सगळा पत्रा."